निरोप समारंभात मिळालेलं डोकं : कडुना शहरातलं एक प्रकरण

हे प्रकरण उत्तर नायजेरियातल्या कडुना शहरातलं, 2017 नंतरचं. माणसं आणि कारखाना ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. वस्तू, कायदा आणि निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले तो क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

पार्श्वभूमी

य. हे मराठी अभियंते. कडुनातल्या एका कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख होते. करार संपला आणि सामान बांधून पुण्याला परतायचं ठरलं. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते, तेच इथेही लिहिते. जुन्या मातीच्या वस्तूंचं जतन हे माझं काम आणि वहिनींना मातीच्या भांड्यांचा नाद, त्यामुळे तिथे असताना त्या मला सतत फोटो पाठवायच्या.

हा नाद लागला 20 नायराच्या नोटेमुळे. नोटेच्या मागच्या बाजूला घट घडवणारी एक बाई आहे. ही लादी क्वाली, ग्बाग्यी समाजातली कुंभारीण. ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या अबुजात, म्हणजे आजच्या सुलेजात, कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथे ती गेली ती स्वतःची कला घेऊनच. वहिनींनी पुढे एका ग्बाग्यी बाईला काम करताना पाहिलं आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. चाक नाही. घट जमिनीवर स्थिर, आणि बाई कमरेत वाकून त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते आहे. मातीची वळी एकावर एक चढवत जाते, आतून हात आणि बाहेरून खरवडणं. घटाच्या पोटावर सरडा आणि विंचू कोरलेला. भट्टी अशी नाहीच. उघड्यावर गवत-लाकडं रचून भाजायचं आणि घट गरम असतानाच त्यावर शेंगांच्या टरफलांचा काढा शिंपडायचा. वहिनींच्या स्वयंपाकघरात पाण्यासाठी एक रांडा होती, म्हणजे आपल्या रांजणाची उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांमधली बहीण, आणि तुलू म्हणतात ते अरुंद गळ्याचे दोन घट.

थोडक्यात, मातीची समज असलेलं घर होतं. म्हणून तर पुढचा पेच जास्त चिघळला.

काय घडलं

निरोप समारंभात कारखान्याचा माल वाहणाऱ्या एका जुन्या वाहतूकदाराने, सगळे त्यांना अल्हाजी म्हणत, य.ना एक खोकं दिलं. आत गादीच्या स्पंजमध्ये गुंडाळलेलं मातीचं डोकं. साधारण वीतभर उंचीचं, मानेपाशी तुटलेलं. अल्हाजी म्हणाले, “दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. तुमच्या घरात शोभेल.” टाळ्या झाल्या, फोटो निघाले. य.नी दोन्ही हातांनी खोकं घेतलं. तिथे दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

त्याच रात्री वहिनींचा मला मेसेज आला : “ताई, हे नोक आहे का?”

वस्तू

नोक हे कडुना राज्याच्या दक्षिणेकडचं एक गाव. 1928 मध्ये तिथल्या कथिलाच्या खाणीत मातीचं एक माकडाचं डोकं सापडलं. 1943 मध्ये जेमा परिसरातल्या खाणीतून आणखी एक डोकं निघालं. खाणीतल्या कारकुनाने ते घरी नेऊन सुरणासारख्या यामच्या शेतात बुजगावणं म्हणून उभं केलं. पुढे ते बर्नार्ड फॅग या अधिकाऱ्याच्या हाती आलं. त्याने केंब्रिजमध्ये पुरातत्त्व शिकलं होतं. ही सगळी डोकी एकाच प्राचीन संस्कृतीची असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तिला गावाचंच नाव दिलं. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या चमूने 2005 पासून केलेल्या उत्खननांनुसार ही संस्कृती इसवी सनापूर्वी 1500 च्या सुमाराला सुरू झाली, आणि मूर्ती मुख्यतः इ.स.पू. 900 ते 400 या काळातल्या. म्हणजे अल्हाजींनी वय कमीच सांगितलं होतं.

वहिनींच्या फोटोंत नोकची म्हणून सांगितली जाणारी सगळी लक्षणं होती. त्रिकोणी डोळे, बाहुलीच्या जागी आरपार भोक, नाकपुड्या आणि कानही टोचलेले, डोक्यावर केसांचे गाठोडे. लक्षणं जुळणं हा काही पुरावा नव्हे. नक्कल करणाराही हीच लक्षणं बघून काम करतो. मी त्यांना मानेची तुटलेली कड उजेडात धरून जवळून फोटो काढायला सांगितला. त्यात तीन गोष्टी दिसल्या. मातीत गारगोटीचे जाड कण आणि अभ्रकाची चमक होती. या मूर्तींच्या मातीला असा भरडपणा असतो. कडेचा एक भाग झिजून गोलसर झालेला, पण दुसऱ्या बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा स्वच्छ, नारिंगी आणि ताजा, कुदळीचा घाव बसल्यासारखा. आणि हनुवटीखाली एक रेषा, जिच्या खालची माती वरच्यापेक्षा बारीक.

मी त्यांना एवढंच लिहिलं : चेहरा जुना असू शकतो, मान दुसऱ्या कशाची तरी असू शकते, आणि जर चेहरा जुना असेल तर तो अलीकडेच खणून काढलेला आहे. फोटोवरून यापुढे जाणं म्हणजे ज्योतिष.

अडचण

नायजेरियाचा 1979 चा संग्रहालय आणि स्मारक आयोगाचा कायदा सरळ आहे. 1918 पूर्वी घडवलेली देशी कलावस्तू पुरावस्तू ठरते. उत्खननातून आलेली तर ठरतेच. अशी वस्तू आयोगाने मान्यता दिलेल्या व्यक्तीलाच विकत घेता येते आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 2000 मध्ये आफ्रिकेतल्या लुटीचा धोका असलेल्या वस्तूंची लाल यादी काढली, तिच्यात नोकच्या मूर्ती आहेत. युनेस्कोचा 1970 चा करार नायजेरियाने 1972 मध्ये आणि भारताने 1977 मध्ये मान्य केला. त्यामुळे “मुंबईत उतरलो की सुटलो” असंही नव्हतं.

कायदा कळायला एक संध्याकाळ पुरली. अडचण वेगळीच होती. भेट सर्वांसमोर स्वीकारलेली. देणारा वयाने मोठा, शहरात मान असलेला, आणि कारखान्याचे ट्रक अजूनही त्याच्याच हातात. ती परत करणं म्हणजे त्याचा अपमान. शिवाय “ही चोरीची आहे” असं शब्दांत न म्हणता ती परत करायची कशी?

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सहकाऱ्यांनी सुचवला : कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाका, कोण बघतंय. हे सुचवणाऱ्यांत भारतीय होते, लेबनीज होते, आणि एक स्थानिकही. य. या बाजूला झुकले होते हे मान्य करायला हवं. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. “अहो, लूव्रमध्ये काचेच्या पेटीत ठेवलंय हेच,” ते म्हणाले. “मग आपल्या दिवाणखान्यात काय बिघडलं?”

लूव्रचं, म्हणजे पॅरिसच्या त्या संग्रहालयाचं, उदाहरण मात्र त्यांच्या विरोधातच जातं. फ्रान्सने 1998 मध्ये बेल्जियममधल्या एका विक्रेत्याकडून तीन मूर्ती, नोक आणि वायव्य नायजेरियातल्या सोकोतो शैलीच्या, 25 लाख फ्रँकला घेतल्या आणि 2000 मध्ये लूव्रच्या नव्या दालनात मांडल्या. त्यावर गदारोळ झाला. 2002 मध्ये फ्रान्सला करार करून मान्य करावं लागलं की मालकी नायजेरियाची. मूर्ती 25 वर्षांसाठी उसन्या म्हणून राहतील. राष्ट्राध्यक्षांच्या पातळीवर बोलणी करणाऱ्या देशाला जिथे मालकी मिळाली नाही, तिथे एका अभियंत्याच्या बॅगेची काय कथा.

दुसरा पर्याय वहिनींचा : आधी खरं-खोटं तपासू, मग ठरवू. ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो, आणि सर्वांत जास्त वेळ यातच गेला. मातीच्या वस्तूचं वय काढायला तप्तदीप्ती चाचणी असते. मातीतल्या गारगोटीच्या कणांत आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. भट्टीत तापली की साठा शून्य होतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. आज कण पुन्हा तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजून शेवटची भाजणी कधी झाली याचा अंदाज येतो. त्यासाठी लपलेल्या जागी बारीक भोक पाडून भुकटी काढतात.

यावर माझे आक्षेप होते. भुकटी जिथून काढली त्याच तुकड्याचं वय कळतं. मान एकाची आणि चेहरा दुसऱ्याचा असेल तर कुठे भोक पाडलं यावर उत्तर ठरणार. बाजारात जुने तुकडे जोडून नवी मूर्ती करणारे हेच तर साधतात. काही जण वस्तूवर कृत्रिम किरणोत्सारही सोडतात. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा म्हणजे कागदपत्रं आली, आणि ती कुणाच्या नावाने करायची? पण मुख्य मुद्दा या सगळ्याच्या आधीचा होता. समजा चाचणीने सांगितलं, खरं आहे. तर नेता येत नाही. समजा सांगितलं, खोटं आहे. तर न्यायचं कशाला? शिवाय विमानतळावरचा अधिकारी चाचणी करत बसत नाही. शंका आली की तो वस्तू अडकवून ठेवतो आणि माणसालाही. खोट्या डोक्यालाही तिथे खऱ्यासारखीच वागणूक मिळते. उत्तर काहीही आलं तरी निर्णय तोच राहणार असेल, तर ती चाचणी उत्सुकतेपोटीची.

वहिनींना हे पटायला वेळ लागला. उत्सुकता मलाही होती.

तिसरा पर्याय, डोकं कारखान्याच्या अतिथिगृहात ठेवून निघून जायचं. म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात घोंगडं. य.नी स्वतःच नको म्हटलं.

चौथा, मुकाट अल्हाजींना परत द्यायचं. यात कायदा सुटत नव्हता आणि मान तर जातच होता. वस्तू पुन्हा बाजारात जाणार हेही उघड होतं.

पाचवा, आयोगाच्या कडुनातल्या संग्रहालयात जमा करायचं. भीती ही की पहिला प्रश्न येणार, कुठून आलं? आणि उत्तरात अल्हाजींचं नाव.

काय केलं

निर्णय होईपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही, हे सर्वांत आधी ठरलं. धुणं नाही, ब्रश नाही, चिकटपट्टी नाही. भोकांत अडकलेली माती तशीच ठेवायची; असलीच तर तेवढीच काय ती मूळ जागेची आठवण. शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी फोटो काढले. अल्हाजी देताना जे बोलले ते वहिनींनी तारखेसह लिहून ठेवलं.

मग य. कारखान्याच्या कायदेशीर सल्लागारांकडे गेले. तिथे वकिलांना बॅरिस्टर म्हणायची पद्धत. या बॅरिस्टर बाई स्वतः दक्षिण कडुनाच्या. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, प्रश्न फक्त नेण्याचा नाही. ठेवून घेणंही अंगाशी येऊ शकतं, तेव्हा रेंगाळू नका. दोन, जमा करायचंच आहे तर परदेशी माणसाने ते देणाऱ्याच्या पाठीमागे करू नये. आधी अल्हाजींशी बोलणं व्हावं, आणि ते य.नी करू नये.

हा या प्रकरणातला कळीचा निर्णय. य.ना वाटत होतं की भेट मला दिली, तर मीच बोलायला हवं. मराठी रीत तीच. बाईंचं म्हणणं, पाहुण्याने नाकारलं तर तो अपमान होतो, घरच्या माणसाने समजावलं तर सल्ला होतो. शेवटी कारखान्याचे कार्मिक अधिकारी, वयस्कर हौसा गृहस्थ, अल्हाजींच्या घरी गेले. य. सोबत होते, पण बोलायचं नाही या अटीवर.

य.नी सांगितलं ते असं. बराच वेळ नुसती विचारपूस चालली : घर, मुलं, ट्रक, पाऊस. कायद्याचा शब्द निघाला नाही. मग कार्मिक अधिकाऱ्यांनी जेमाच्या डोक्याची गोष्ट सांगितली, शेतात पाखरं हाकायला उभं केलेलं आणि आज देशाच्या संग्रहात असलेलं. अल्हाजी मनापासून हसले. त्यावर अधिकारी म्हणाले, “आपण दिलेली भेट या पाहुण्यांच्या घराला मोठी पडते आहे. ती कडुनातच राहिली तर आपल्या नातवंडांनाही बघता येईल.” अल्हाजी काही काळ गप्प. मग म्हणाले, दक्षिण कडुनातल्या काफांचान शहराच्या पलीकडच्या एका पोराने आणून दिलं, त्याला पैशाची गरज होती. कुठल्या शेतातून ते त्यांनाही माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. जमा करायला हरकत नाही, पण नाव नको.

काही दिवसांनी बॅरिस्टर बाईंनी खोकं संग्रहालयात नेऊन दिलं आणि “कारखान्याला भेट मिळालेली वस्तू” अशी पोच घेतली. य.चं नाव पत्रात होतं, अल्हाजींचं नव्हतं.

निष्पत्ती

संग्रहालयातल्या अधिकाऱ्यांनी डोकं बघून चेहरा जुना वाटतो आणि मान जोडलेली दिसते असं तोंडी सांगितलं आणि वस्तू अभ्यासासाठी ठेवून घेतली. लेखी निर्वाळा कुणी मागितला नाही, मिळालाही नाही. पोलीस आले नाहीत. अल्हाजी काही आठवडे फोन उचलेनात. ट्रक मात्र वेळेवर येत राहिले. य. निघण्याआधी त्यांनी एक भरजरी बाबान-रिगा, तिथला मोठा झगा, ड्रायव्हरबरोबर पाठवला. स्वतः आले नाहीत.

वहिनींच्या भांड्यांची गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात नव्हती. सामान बांधणाऱ्यांनी ऐनवेळी विचारलं, या मडक्यांचा दाखला कुठाय? नव्या हस्तकलेलाही सीमेवर हरकत घेतली जाते, म्हणून ती पुरावस्तू नाही असा आयोगाचा दाखला घेतात. तो वहिनींनी त्याच संग्रहालयातून मिळवला. ओळख झालेली होती, काम सोपं गेलं. तुलू पुण्यात धड पोचले. रांडा कंटेनरमध्ये तडकली. उघड्यावर भाजलेली माती मऊ असते आणि ती आत काही न भरता आडवी ठेवली होती.

वेगळं काय करता आलं असतं

समारंभात भेट नाकारायला हवी होती असं काही वाचकांना वाटेल. मला तसं वाटत नाही. तिथे स्वीकारणं योग्यच होतं. पण कारखान्यात भेटवस्तूंचा नियम होता तो पैसे आणि घड्याळांपुरता. जुन्या कलावस्तूंबद्दल एक ओळ असती, तर य.ना “नियम आहे, कारखान्याकडे जमा करावं लागतं” एवढं हसत म्हणता आलं असतं आणि सगळ्यांचीच सुटका झाली असती. ती ओळ आता घातली आहे असं कळतं.

चाचणीच्या चर्चेत जे दिवस गेले ते वाचवता आले असते. खरं की खोटं हा प्रश्न इतका मोह घालतो की कुठून आलं हा प्रश्न मागे पडतो. इथेही कुठून हे विचारलं गेलं ते शेवटी, तेही ओघात.

आणि गमावलं ते तिथेच. फ्रँकफर्टच्या चमूला मूर्तींचे तुकडे अनेकदा खड्ड्यांत मुद्दाम पुरल्यासारखे मिळाले. सोबत काय होतं, कोळसा कुठल्या थरात होता यावरून काळ ठरला. याच उत्खननांतल्या 450 हून अधिक खापरांमध्ये मुरलेली चरबी ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली, तर सुमारे एक तृतीयांश खापरांत मधमाश्यांच्या मेणाचे अंश निघाले. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणी विकत घेणार नाही अशा फुटक्या मडक्यांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मधाची खबर दिली. वहिनींच्या टेबलावरचं डोकं अख्खं होतं, देखणं होतं, आणि त्याच्याकडून अशी एकही गोष्ट कळणार नव्हती. त्या पोराच्या खड्ड्यात अजून खापरं असतील. तिकडे जाऊन बघणं य.ना शक्य नव्हतं. 2017 मध्ये त्याच भागात उत्खनन करणाऱ्या दोन जर्मन पुरातत्त्वज्ञांचं अपहरण झालं होतं आणि त्यांना वाचवायला गेलेल्या दोन गावकऱ्यांचा जीव गेला होता. कारखान्याच्या सुरक्षा विभागाने काफांचानचं नावही काढू दिलं नसतं.

एका मुद्द्यावर बॅरिस्टर बाईंचं आणि माझं अजून जमत नाही. पोचपत्रात “काफांचानच्या पलीकडून, अलीकडे खणलेलं असावं” एवढी ओळ अल्हाजींचं नाव न घालता लिहिता आली असती, असं मी म्हणते. त्यांचं म्हणणं, ती ओळ लिहिली की पुढचा प्रश्न “तुम्हाला कसं कळलं?” हाच, आणि मग नाव आलंच. त्या तिथल्या आहेत, धोका त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. तरी वहिनींच्या वहीतलं ते तारखेसह लिहिलेलं पान आणि कुदळीच्या घावाचे फोटो संग्रहालयाला द्यावेत असा माझा आग्रह आहे. अल्हाजींचं नाव झाकून त्याची प्रत तयार केली आहे. बाईंचा होकार अजून यायचा आहे.